बाबांची साठी आणि लसावि

२०२५च्या गुढीपाडव्याला आईने मुलुंडच्या घरी पंचांग उघडलं आणि म्हणाली, "विश्वावसु! अहो, तुमचंच संवत्सर परत आलं." बाबा शके १८८७चे, आणि हा शके १९४७.

पडताळा सोपा आहे. शकात १२ मिळवा, ६०ने भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १९५९ला भागून उरतात ३९, आणि यादीत ३९वं विश्वावसुच.

पण साठच का? गुरूला राशीचक्राची फेरी मारायला सुमारे १२ वर्षं लागतात. अशा पाच फेऱ्यांचं हे चक्र. शनीला लागतात सुमारे ३०. १२ आणि ३०चा लसावि ६०. शाळेतल्या घंटांच्या गणितासारखंच, असं मला वाटायचं.

मग २१ डिसेंबर २०२०ला गच्चीवरून गुरू-शनी जवळजवळ चिकटलेले पाहिले. १६२३नंतर ते इतके जवळ आले नव्हते. त्याआधीची त्यांची युती मात्र २०००ची. म्हणजे वीसच वर्षं! लसावि चुकला की काय?

चुकला नव्हता, प्रश्न वेगळा होता. घंटा जागच्या जागी वाजतात, ग्रह गोल मैदानात धावतात. गुरू वर्षाला चक्राचा १/१२ भाग चालतो, शनी १/३०. छेद ६० केला की ५/६० वजा २/६०, म्हणजे १/२०. वीस वर्षांत गुरू शनीला गाठतो, पण वाटेत कुठेतरी. जिथून निघाले तिथेच भेटायला साठ वर्षं: गुरूच्या पाच फेऱ्या, शनीच्या दोन.

हा छेदांचा लसावि आपल्याकडे जुना आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त तो अपूर्णांकांसाठी वापरला. त्यांचा शब्द 'निरुद्ध'. मला 'लसावि'पेक्षा हाच आवडतो.

आकाश मात्र पूर्णांकात चालत नाही. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, शनीची २९.४६. तीन युत्या साडेएकोणसाठ वर्षांतच उरकतात. गुरू एक रास सुमारे ३६१ दिवसांतच ओलांडतो, म्हणून उत्तरेकडच्या पद्धतीत साधारण ८५ वर्षांनी एक संवत्सर गाळतात. आपण महाराष्ट्रात, दक्षिणेसारखंच, गाळणं सोडून दिलं. त्यामुळे एकाच वर्षाला तिकडे एक नाव, इकडे दुसरं.

हे सगळं बाबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे साठीशांत करायची की नाही?"

"हॉलचा ॲडव्हान्स दिलाय," आई म्हणाली.