मांडवातला गळा, पडद्यावरची नीरा

गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांचे नाव आज निघते ते बहुधा दोन कारणांनी: 1937च्या ‘कुंकू’ चित्रपटातली नीरा आणि 1939 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी त्यांनी केलेले उपोषण. दोन्ही गोष्टी त्यांच्या तापट स्वभावाच्या खाती टाकून लिहिणारे मोकळे होतात. मला मात्र या दोन्हींचे मूळ त्यांच्या गाण्यात दिसते, आणि तेही उत्सवाच्या मांडवातल्या गाण्यात. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शिकून त्या पुण्याच्या गणेशोत्सवात भजने गाऊ लागल्या. टिळकांच्या काळात चौकात आलेल्या या उत्सवाने आणि त्यातल्या मेळ्यांनी गाण्याला नवा श्रोता दिला होता. पुण्याचा चौक काय, वऱ्हाडातल्या पातूरला रेणुकामातेच्या टेकडीखाली जमलेली गर्दी काय, हा श्रोता तिकीट काढून बसलेला नसतो. मन लागले नाही तर उठून चालू लागतो. त्याला धरून ठेवायचे तर सुराबरोबर डोळे, हात आणि शब्द टाकण्याची रीत कामाला लावावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बोलपटाला तेव्हा गाणारी माणसे हवीच होती. पार्श्वगायनाची सोय कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 1935 साली आणली. त्याआधी ज्याचा चेहरा, त्याचाच गळा. भालजी पेंढारकरांनी 1932च्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडकांसमोर राधा म्हणून शांताबाईंना उभे केले, ते गळ्यासाठीच, हे खरे. पण नुसत्या गळ्याने काम भागले असते, तर हिराबाई बडोदेकर पडद्याची सम्राज्ञी व्हायला हव्या होत्या. गायिका म्हणून त्या कितीतरी मोठ्या. 1937च्या ‘प्रतिभा’त त्या दिसल्याही, पण त्यांचे राज्य मैफलीतच राहिले. शांताबाईंनी 1934च्या ‘अमृतमंथन’पासून गाणे म्हणताना चेहरा आणि हात मोकळे सोडले. तोवर पडद्यावरचे गाणे म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्थिर उभे राहून म्हटलेले पद. त्यांच्याकडे ते पात्राचे बोलणे झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे श्रेय ‘कुंकू’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांचे. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून केलेल्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, आवाज येतो तो घरातला, रस्त्यावरचा. ही कल्पना दिग्दर्शकाची, आणि ती थोर आहे. परंतु वाद्यांचा आधार असा काढून घेतल्यावर उरते ती गाणारी बाई. म्हाताऱ्या बिजवराच्या घरात लाँगफेलोची इंग्रजी कविता गाणारी नीरा प्रेक्षकाला खोटी वाटली असती, तर सारा चित्रपट कोसळला असता. शिवाय ही किमया फक्त प्रभातची असती, तर ती पुण्यातच संपली असती. शांताबाई प्रभात सोडून गेल्या, तमिळ शिकल्या आणि 1941च्या तमिळ ‘सावित्री’त एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नारदासमोर सावित्री झाल्या.

मग ते उपोषण. करार कंपनीचा, वेळ कंपनीचा, चेहरा आणि गळा दोन्ही महिन्याच्या पगारावर बांधलेले. त्याविरुद्ध एका नटीने उघड्यावर बसणे हे आकांडतांडव नव्हते. आपल्याविना चित्रपट मुका होतो हे ओळखलेल्या कामगाराची ती मागणी होती. ज्या बळावर ती केली, ते बळ पुढे दहा वर्षांतच ओसरले. 1942 साली ‘पहिली मंगळागौर’मध्ये दिसलेल्या लता मंगेशकर पुढे पडद्याआड गेल्या, आणि 1949च्या ‘महल’मधल्या त्यांच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून आधी नाव छापले गेले ते कामिनी या पात्राचे. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा झाल्यावर दोघींचीही घासाघीस करण्याची ताकद निम्मी झाली. लताबाईंना पुढे स्वतःच्या नावासाठी आणि मानधनासाठी वेगळा झगडा करावा लागला, त्याचे कारण यातच आहे.

शांताबाई 24 फेब्रुवारी 1964 रोजी गेल्या. उपोषणानंतरच्याच वर्षी, 1940 साली, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात ते सापडले, तर वाचाच, आणि ग्रंथपालांना सांगून ते रद्दीत जाण्यापासून वाचवा.