आयनी पदार्थांचे पाण्यातील विद्रावण

आयनी पदार्थांचे पाण्यातील विद्रावण : स्फटिकातील आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जाण्याची प्रक्रिया. विद्रावात विद्युत् प्रवाहाशिवायही सुटे आयन असतात, हे स्वांटे आऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडले (पहा : विद्युत् विच्छेदन).

पाण्याच्या ध्रुवीय रेणूची ऑक्सिजनकडील बाजू धन आयनाकडे, तर हायड्रोजनकडील ऋण आयनाकडे वळते. हे आकर्षण आवश्यक असले, तरी विद्रावणाचे पुरेसे कारण नव्हे. एक मोल मिठाचा स्फटिक वायुरूप आयनांत विलग करण्यास सु. ७८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. सजलीकरणातून (आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले जाण्यातून) त्याहून थोडी कमी मिळते आणि सु. ४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तरीही मीठ विरघळते, कारण आयन विखुरल्याने एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) वाढते (पहा : ऊष्मागतिकी). आयनांभोवती पाण्याचे रेणू बांधले जाऊन सुव्यवस्था वाढायला हवी, हा आक्षेप रास्तच आहे. ती वाढते, मिठात मात्र विखुरणे तिच्यावर मात करते. आयनांवरील विद्युत् भार अधिक असल्यास पारडे उलटू शकते. कॅल्शियम फॉस्फेट विरघळताना उष्णता बाहेर पडते, पण एंट्रॉपी इतकी घटते की ते जवळजवळ अविद्राव्य राहते. हाडे व दात मुख्यत्वे याच वर्गातील खनिजाचे असल्याने या गुणधर्माला जीवशास्त्रीय महत्त्व आहे (पहा : विद्राव्यता, हाडे).