कूतच्या वेढ्यातलं पीठ: मराठा शिपाई काय खात होता आणि काय खात नव्हता

"तुझी पीएचडी नक्की कशावर आहे?" मुळशीत कुणाच्याही ओट्यावर बसलं की हा प्रश्न येतोच. "पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या मराठा शिपायांच्या रोजच्या जेवणावर," असं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो. मग हळूच विचारतो, "आणि लढाई?" लढाईवर पुष्कळ लिहून झालंय. पण शिपाई महिन्यातले किती दिवस लढतो? बाकीचे दिवस तो पाणी आणतो, खंदक खणतो, पहारा करतो आणि जेवणाची वाट बघतो. आज जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात तर माणसं गोळ्यांपेक्षा जेवणानेच जास्त खचली.

गोष्ट इराकमधली आहे, तेव्हाच्या मेसोपोटेमियातली. पण तिथे गेलेल्या फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती इराणच्या आखाताच्या टोकाला उतरली, बसरा घेतलं आणि टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत राहिली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत देशावरचे मराठे, कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान असत. भरती मावळ, घाटमाथा, सातारा, रत्नागिरी अशा पट्ट्यातून व्हायची. शिपायाचा पगार महिना ११ रुपये.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन इथे या फौजेला जबर मार बसला. जनरल टाउनशेंड माघार घेत ३ डिसेंबरला कूत-अल-अमारा या गावात आला. ७ डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा आवळला, तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने. कूत हे टायग्रिसच्या एका वळणात, तीन बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीवर वसलेलं. नदीपलीकडे एक छोटी वस्ती होती, तिला इंग्रज वूलप्रेस व्हिलेज म्हणत. ती धरून ठेवायचं काम ११० मराठा आणि १२० राजपुताना या पलटणींकडे होतं. मुख्य ठाण्यापासून तुटलेली, मागे नदी आणि पुढे तुर्क, अशी ती जागा.

आता रोजचं जगणं बघू. मोहिमेवरच्या शिपायाला सरकारी शिधा मिळायचा: आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ, मसाला. भातावर वाढलेल्या कोकण-मावळातल्या पोराला रोज गव्हाचा आटा हा मुळातच परका. मुळशी म्हणजे आंबेमोहोराचं गाव! घरी भात, नाचणीची भाकरी, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या, आमटीत आमसूल. पलटणीत यातलं फारसं काहीच नाही. तरी आटा मिळत होता तोवर पोट भरत होतं.

वेढ्यात तो आटा संपत चालला. घराघरांची झडती घेऊन लपवलेलं धान्य बाहेर काढलं. त्यात सातू बराच निघाला. पण दळणार कसं? विमानांमधून चक्क जात्याचे दगड टाकण्यात आले. मला हा तपशील फार आवडतो. विसाव्या शतकातलं सगळ्यात नवं यंत्र आकाशातून जगातलं सगळ्यात जुनं यंत्र खाली टाकतंय!

जानेवारीच्या शेवटी घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं. इथे आपली इतिहासाची पुस्तकं एका वाक्यात विषय संपवतात: "धार्मिक समजुतींमुळे नकार." टाउनशेंडने तर पुढे आपल्या पुस्तकात या नकाराचा सूर असा लावला की वाचणाऱ्याला वाटावं, कूत पडलं ते यांच्यामुळेच.

मला हे एक वाक्य पुरेसं वाटत नाही. का, ते सांगते.

पहिली गोष्ट: मराठा शिपाई शाकाहारी नव्हता. बकरं, कोंबडी, मासळी सगळं खायचा. दुसरी: नकार फक्त हिंदूंचा नव्हता, मुसलमान शिपायांचाही होता. तिसरी: टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली. ती मिळालीही. प्रश्न निव्वळ धर्माचा असता तर तिथेच सुटायला हवा होता. तरीही बहुतेकांनी मांसाला हात लावला नाही.

मग अडत कुठे होतं? अधिकाऱ्यांच्या आठवणींत एक कारण दिसतं: परत गेल्यावर गावाने वाळीत टाकलं तर? आपल्याकडचा शब्द वापरायचा तर, भावकी काय म्हणेल? पंगतीला बसवतील का? पोरीची सोयरीक जमेल का? ज्या देव्हाऱ्यातल्या टाकावर घोड्यावर बसलेला खंडोबा आहे, त्या घरात हे सांगणार कसं? दिल्लीचा किंवा काशीचा कुणी मोठा माणूस परवानगी देईल, पण तो काही आपल्या गावच्या पंगतीत नसतो.

आणि गाव कूतपासून हजारो मैलांवर होतं असंही नाही. ते खंदकात शेजारीच बसलेलं होतं. त्या काळी पलटणीतल्या कंपन्या जातवार आणि प्रांतवार बांधलेल्या असत. म्हणजे शेजारचा शिपाई बहुधा त्याच मुलखातला, कधी तर नात्यातलाच. तू काय खाल्लंस हे त्याने पाहिलं की ते पुढेमागे गावात पोचणारच. सरकारने ही रचना केली ती एकोपा राहावा, भरती सोपी व्हावी म्हणून. कूतमध्ये तीच रचना त्यांच्यावर उलटली. माझ्या प्रबंधाच्या या प्रकरणाचं सार एवढंच आहे: तो नकार 'अडाणी हट्ट' नव्हता, परत जाऊन गावातच जगायचंय हा हिशोब होता. जिवंत परत जाण्याची आशा होती, म्हणून तर ही काळजी होती.

या हिशोबाची किंमत मात्र शरीराने मोजली. कूतमधले मुख्य डॉक्टर कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या नोंदींतून एक विलक्षण चित्र दिसतं. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन स्वयंपाकघरं आणि दोन वेगळे आजार. गोरे शिपाई सुरुवातीला पांढऱ्या मैद्याचा पाव खात, त्यांना बेरीबेरी झाला: पाय सुजणं, हातापायांतली ताकद जाणं. हिंदुस्थानी शिपाई कोंड्यासकट आटा खात, त्यांना बेरीबेरी जवळजवळ झाला नाही. पण त्यांना स्कर्व्हीने धरलं: हिरड्या सुजून रक्त येणं, जुन्या जखमा न भरणं. ताजं मांस पोटात जात असल्यामुळे गोरे त्यातून बरेचसे वाचले. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांनाही सातू आणि आट्याची भाकरी खावी लागली, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला. 'व्हिटॅमिन' हा शब्द तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. क जीवनसत्त्व अजून कुणी वेगळं काढलेलं नव्हतं. पण कूतच्या दवाखान्यात त्याचा धडा रोज समोर दिसत होता.

शिपायांना त्याचा अंदाज नव्हता असं समजू नका. खंदकांच्या आसपास उगवलेला पाला खुडून ते भाजी करत. काही पाला विषारी निघाला. घरी कुठली रानभाजी खायची आणि कुठली दोनदा उकडून पाणी टाकायचं हे आजीला माहीत असतं. टायग्रिसच्या काठावरच्या पाल्याचं शहाणपण तिथल्या आज्यांकडे होतं, आपल्याकडे नव्हतं.

१० एप्रिलला हिंदुस्थानी शिपायाचं पीठ ५ औंसांवर आलं, काही दिवसांत ४ औंसांवर. चार औंस म्हणजे साधारण ११५ ग्रॅम, दिवसाला जेमतेम तीन-चार पोळ्या. त्याच सुमारास टाउनशेंडने कळवलं की मांस न खाऊन अशक्त झालेल्या सुभेदार-हवालदारांच्या जागी खाणाऱ्यांना बढती मिळेल. मग मात्र बांध फुटला आणि काही दिवसांत हजारोंनी मांस खाल्लं. माझ्या मते धमकीपेक्षा महत्त्वाचं होतं ते हे की सगळ्यांनी एकदम खाल्लं. सगळेच बाटले तर वाळीत टाकणार कोण आणि कुणाला? पण तोवर उशीर झाला होता.

एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी सुमारे १९,००० पौंड सामान टाकलं. विमानातून वेढ्यातल्या फौजेला अन्न पुरवायचा हा जगातला पहिलाच मोठा प्रयत्न. पण सैनिक आणि स्वयंपाकी, भिस्ती, खेचरवाले धरून तेरा हजारांवर माणसं होती. म्हणजे दोन आठवड्यांत माणशी दीड पौंड! त्यातलंही काही नदीत, काही तुर्कांकडे पडलं. २९ एप्रिलला कूत शरण गेलं. नंतर वाळवंटातली पायपीट आणि रेल्वेच्या कामावरची कैद. त्यात शिपाई फार मेले, आणि वेढ्याने शरीरं आधीच पोखरलेली होती.

या सगळ्याची कागदपत्रं बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांची आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या शिपायाची बाजू आपल्याकडे आहे ती वस्तूंमध्ये आणि घरच्या बोलण्यात. पुणे-सातारा-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत 'या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके कामी आले' अशी छोटी संगमरवरी पाटी असते. आपण तिच्याजवळून रोज जातो. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून बघा, शिपायाचं नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं आहे म्हणून ते मोडीत घालू नका.

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर "पणजोबा कुठे लढले?" असं विचारू नका. त्याला उत्तर "बसऱ्याला" एवढंच येतं. "ते परत आल्यावर काय खायचे नाहीत?" असं विचारा. माझा अनुभव असा, की त्यानंतर माणसं बोलायला लागतात.