पाळीव प्राण्याच्या उपचारांसाठी पैसे कमी पडतात तेव्हा

कुत्रा किंवा मांजर आजारी पडले की खर्चाच्या धास्तीने अनेकजण दोन-चार दिवस वाट पाहतात. तोवर आजार वाढतो आणि त्याबरोबर बिलही. म्हणून पैशांची अडचण तपासणीच्या आधीच पशुवैद्यांना सांगा. "आज माझ्याकडे दोन हजार रुपये आहेत, त्यात सर्वांत गरजेचे काय?" असे विचारण्यात कमीपणा नाही. बऱ्याच आजारांत एकापेक्षा जास्त मार्ग असतात. सगळ्या तपासण्या एकदम न करता आधी औषध देऊन फरक पाहता येतो. दाखल करण्याऐवजी कधीकधी रोज सलाईनसाठी आणले तरी चालते. खर्चाचा लेखी अंदाज मागा, हप्त्यांचेही विचारा.

कमी खर्चात उपचार कुठे?

शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींपुरतेच असतात, हा गैरसमज आहे. तिथे कुत्र्या-मांजरांनाही नाममात्र शुल्कात तपासतात, मात्र औषधे बाहेरून आणावी लागू शकतात. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात; रांग मोठी असते, एवढेच. मुंबईत परळचे बाई साकरबाई रुग्णालय धर्मादाय आहे. पाळीव प्राण्यांचा विमा आजार सुरू झाल्यावर काढून उपयोग नाही. आधीपासूनचे आजार त्यातून वगळलेले असतात.

इथे मात्र थांबू नका

- बोका वारंवार लघवीला बसतो, पण लघवी होत नाही. मूत्रमार्ग बंद झाला असल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.
- लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब.
- नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांत सुस्त होते, खूप पाणी पिते. गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते.
- श्वास घ्यायला त्रास.

पैसे वाचवायला घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. इतर खर्च पुढे ढकलता येईल, पण रेबीजची लस नाही. तिथे घरातल्या माणसांचाही प्रश्न आहे.

सांभाळणे खरोखरच अशक्य झाले, तर नातेवाईक किंवा प्राणीसंस्थेमार्फत दुसरे घर शोधा. प्राण्याला रस्त्यावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आजार बरा होणारा नसेल आणि वेदना असह्य असतील, तर दयामरणाबद्दल पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोला. या निर्णयात खर्चाचा विचार आला, म्हणून माया कमी होती असे होत नाही.