लोप आणि बंध

कोथरूडहून वेताळ टेकडी ओलांडली की पाषाणच्या बाजूस राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. टेकडीच्या अलीकडे साहित्य शिकवणाऱ्या-शिकणाऱ्या आम्हांला पलीकडची भाषा परकी वाटत आली आहे. परंतु रसायनशास्त्रातील एका संकल्पनेचा इतिहास वाचताना आम्हांस आपलेच व्याकरण आठवले. ती संकल्पना म्हणजे विलोपन अभिक्रिया.

सेंद्रिय रेणूतील दोन शेजारी कार्बन अणूंवरून एकेक घटक निघून जातो आणि त्या कार्बनांमधील एकेरी बंध दुहेरी होतो, हे तिचे सर्वपरिचित रूप. 1795 मध्ये चार डच रसायनज्ञांनी अल्कोहोल व तीव्र सल्फ्यूरिक आम्ल एकत्र तापवून एक वायू मिळवला. तो म्हणजे आजचा एथिलीन. अल्कोहोलमधून पाणी गेले आणि दुहेरी बंध उरला. पुढे प्रश्न पडला तो हायड्रोजन कोणत्या कार्बनावरून जातो, हा. 1851 मध्ये हॉफमान यांना अमोनियम संयुगांत कमी शाखांचा दुहेरी बंध प्राधान्याने मिळाला. 1875 मध्ये झायत्सेव्ह यांनी इतर संयुगांवरून उलट नियम मांडला: ज्या कार्बनाकडे हायड्रोजन आधीच कमी, त्याच्याकडूनच तो जातो. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. 1927 पासून इंगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभिक्रियेची यंत्रणा उलगडली, तेव्हा तुटणे आणि जुळणे कधी एकाच क्षणी, तर कधी टप्प्याटप्प्याने घडते, हे स्पष्ट झाले.

येथे पाणिनी आठवतो. त्याच्या लेखी लोप म्हणजे केवळ न दिसणे. प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य मागे राहते. हायड्रोजनही जाताना आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि त्यांचाच नवा बंध होतो. साम्य दोन शास्त्रांच्या स्वभावातले आहे, उसनवारीचे नव्हे. पण ते विद्यार्थ्याला दाखवण्याजोगे खचितच आहे.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. उसाच्या मळीपासून अल्कोहोल मिळते. 1980च्या दशकात याच प्रयोगशाळेने झिओलाइट उत्प्रेरकाच्या साहाय्याने अल्कोहोल व बेंझीनपासून एथिलबेंझीन करण्याची प्रक्रिया विकसित केली. एथिलबेंझीनमधून हायड्रोजन काढला की स्टायरीन, आणि त्यापासून प्लास्टिक. साखर कारखान्याच्या दारातून निघालेली वाट अशी लोपालोपाने पुढे जाते.

मग ही कथा मराठीत का सांगितली जात नाही? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्र मराठीत आणले होते. आज दहावीत मराठीतून अल्कोहोलचे निर्जलीकरण शिकलेला विद्यार्थी अकरावीत विज्ञानशाखेला गेला, की बहुधा तो विषय त्याच्या भाषेतून निघून जातो. हेही विलोपनच. फरक एवढाच की रेणूत जाणारा घटक मागे बंध ठेवून जातो. येथे शब्द गेले आणि मागे काहीच जुळले नाही. टेकडीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या आपण सर्वांनी त्याचा विचार करावयास हवा.