स्पाइस
स्पाइस : इलेक्ट्रॉनिक सर्किट प्रत्यक्ष जोडण्याआधी त्याचे वर्तन संगणकावर पाहण्याची आज्ञावली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत लॉरेन्स नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली ती फोर्ट्रान भाषेत लिहिली. १९७३ साली ती जाहीर झाली. सुटे भाग व त्यांच्या जोडण्यांची यादी दिली की व्होल्टेजची समीकरणे ती स्वतःच मांडते. ट्रान्झिस्टरमुळे ही समीकरणे सरळ सुटत नाहीत, म्हणून एक अंदाज धरून तो पुन्हा पुन्हा सुधारत ती उत्तरापाशी पोचते. तिच्या आधीच्या आज्ञावलीचे नाव ‘कॅन्सर’ होते. रोगाशी त्याचा संबंध नाही. पेडरसन यांच्या आग्रहामुळे स्पाइस जवळजवळ फुकट वाटली गेली आणि तिचा प्रसार मुख्यतः त्यामुळेच झाला. — संपा.