इ. स. १९२७ : राष्ट्रजीवनातील एक वर्ष आणि महाड – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासलेखनात एखादे विशिष्ट वर्ष अभ्यासासाठी निवडण्याची पद्धत रूढ आहे. एकाच वर्षाच्या चौकटीत राजकारण, समाजकारण आणि क्रीडा यांसारखी परस्परांपासून दूर वाटणारी क्षेत्रे शेजारी ठेवता येतात आणि त्यांच्यातील अंतःस्थ संबंध ध्यानात येतो. भारताच्या आधुनिक इतिहासात इ. स. १९२७ हे असेच एक वर्ष होय. या वर्षाचा विचार सामान्यतः दिल्ली, मद्रास किंवा मुंबई येथून केला जातो. प्रस्तुत लेखात तो तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूर या अंतर्भागातून करण्याचा प्रयत्न केला आहे. 'सार्वजनिक' या शब्दात नेमके कोण येते, हा या वर्षाचा मध्यवर्ती प्रश्न होता, आणि तो सर्वांत स्पष्टपणे महाडच्या तळ्यावर विचारला गेला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी :

सावित्री नदीच्या काठी वसलेले महाड हे प्राचीन बंदर व बाजारपेठेचे गाव. दासगावपर्यंत जलमार्ग, एका बाजूस रायगड आणि दुसऱ्या बाजूस पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाणारी वाट, यांमुळे डोंगरी खेड्यांतील माणसांना बाजार, कचेरी आणि न्यायालय यांसाठी महाडलाच यावे लागे. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच याच परिसरात अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली होती. सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांमुळे येथील अस्पृश्य समाजात साक्षरता आणि स्वाभिमान यांची बीजे रुजली होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी निधीतून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. परंतु कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. ठराव आणि ओंजळ यांच्यातील हे अंतर हाच १९२७ चा विषय होय.

मार्च ते डिसेंबर : महाडमधील घटनाक्रम

फेब्रुवारी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली. त्यानंतर एका महिन्याच्या आत, १९ व २० मार्च रोजी, महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस व गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांचा या कार्यातील सहभाग सर्वश्रुत आहे. २० मार्च रोजी परिषदेचे प्रतिनिधी शिस्तीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी व त्यांच्यामागोमाग इतरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे वीरेश्वराच्या मंदिरात प्रवेश होणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळ्याचे पंचगव्याने 'शुद्धीकरण'ही करण्यात आले.

३ एप्रिल रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. ४ ऑगस्ट रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होताना, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सत्याग्रहातून ब्राह्मणांना वगळावे या अटीवर ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. लढा ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या व्यक्तींशी नाही, या भूमिकेतून बाबासाहेबांनी ती अट नाकारली. डिसेंबरमध्ये सनातन्यांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेसाठी जागा मिळणेही दुरापास्त झाले असता फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. सहस्रबुद्धे यांनी त्याविषयीचा ठराव मांडला होता. न्यायालयाच्या हुकुमाचा मान राखून प्रत्यक्ष सत्याग्रह मात्र तहकूब करण्यात आला.

राष्ट्रीय राजकारण आणि समाजकारण :

याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी सायमन कमिशनची घोषणा झाली. त्यात एकही भारतीय सदस्य नव्हता. आपल्या भवितव्याचा निर्णय आपल्याला वगळून होतो, याचा संताप देशभर उमटला. काकोरी खटल्यातील क्रांतिकारकांना डिसेंबरमध्ये फाशी देण्यात आली. डॉ. अन्सारी यांच्या अध्यक्षतेखालील मद्रास काँग्रेसने कमिशनवर बहिष्कार आणि संपूर्ण स्वातंत्र्याचे ध्येय यांविषयीचे ठराव संमत केले. हे अधिवेशन आणि महाडची दुसरी परिषद एकाच आठवड्यातील होत. मद्रासला वगळले गेल्याची वेदना होती, महाडलाही तीच होती. फरक इतकाच की मद्रासला वगळणारे परके होते आणि महाडला वगळणारे शेजारी होते.

जानेवारी १९२७ मध्ये पुणे येथे अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि हरबिलास सारडा यांचे बालविवाहविषयक विधेयकही याच वर्षी मांडले गेले. महाडलाही डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले व राहणीमान आणि मुलामुलींचे शिक्षण यांविषयी उपदेश केला. शिवजन्माच्या त्रिशताब्दीचे उत्सवही याच वर्षी साजरे झाले. तानाजी मालुसरे यांची स्मृती जपणारे पोलादपूरजवळील उमरठ आणि राजधानी रायगड यांच्या मध्यभागी असलेल्या महाडात त्याच वर्षी पाण्यासाठी डोकी फुटावीत, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

क्रीडाक्षेत्र :

आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एम.सी.सी. संघाचा दौरा १९२७ च्या प्रारंभापर्यंत चालू होता. त्यापूर्वी डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत सी. के. नायडू यांनी या संघाविरुद्ध १५३ धावा फटकावल्या होत्या. नोव्हेंबर १९२७ मध्ये दिल्ली येथे क्रिकेट नियामक मंडळाच्या स्थापनेच्या दृष्टीने बैठक झाली आणि १९२८ मध्ये मंडळ अस्तित्वात आले. सर दोराबजी टाटा यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय ऑलिंपिक संघटनाही १९२७ मध्येच स्थापन झाली. अखिल देशाच्या वतीने खेळण्याची कल्पना आकार घेत होती. मुंबईची चौरंगी स्पर्धा मात्र धर्मनिहाय संघांतच खेळली जात होती.

या संदर्भात पळवणकर बंधूंचे उदाहरण उद्बोधक आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविणारे पळवणकर बाळू यांना पुण्यात पूर्वी मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांनी टाकलेला चेंडू चालत असे, त्यांनी स्पर्शिलेला पेला चालत नसे. त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले. गुणवत्तेने मैदान खुले होऊ शकले, पण त्यासाठी असामान्य गुणवत्ता लागली. महाडच्या मागणीचे मोल येथे कळते. पाणी पिण्यासाठी कोणतीही गुणवत्ता सिद्ध करावी लागू नये, माणूस असणे पुरेसे असावे, ही ती मागणी होती.

समारोप :

चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने दिला. एक ओंजळ पाण्याच्या हक्कास न्यायालयात सुमारे दहा वर्षे लागली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापराबाबत भेदभावास बंदी आहे. त्या तरतुदीमागे महाडचा अनुभव उभा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. १९२७ चा इतिहास शिकविताना सायमन कमिशन एका प्रकरणात, महाड दुसऱ्या प्रकरणात आणि क्रीडा परिशिष्टात, अशी विभागणी आपण करतो. या तिन्ही ठिकाणी प्रश्न मात्र एकच होता. राष्ट्र म्हणून आपण ज्यांची गणना करतो, त्यांना आपण आपल्या पाणवठ्यावर उभे करतो काय? कायदा आणि ठराव यांनी या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. ते पूर्ण करण्याची जबाबदारी समाजाची असते, हेच १९२७ च्या महाडने दाखवून दिले.